जिन्याखालचे दोन कॉक

भाडेकरू घर सोडून गेला की मी आधी भिंती बघते. खिळे उपटून नेणारा माणूस चिकट असतो, तसेच ठेवून जाणारा बेफिकीर. खिळे काढून भोकं बुजवून जाणारे माझ्या घरमालकिणीच्या तीस-बत्तीस वर्षांच्या धंद्यात एकदाच भेटले. खरं तर त्यांच्याविषयीच लिहायचं आहे. पण एकदम तिथे जायला पाय उचलत नाही, म्हणून आधी जरा इकडचं तिकडचं सांगते.

आमच्या गावातल्या वाचनालयाची मंडळी दिवाळी अंकासाठी घरी आली होती. नोकरी-धंद्यातले अनुभव लिहा म्हणाली. मी म्हटलं, मी कधी नोकरी केली? नोकरी केली ती यांनी, रेल्वेत गार्डाची. आज अकोल्याला, उद्या नांदेडला. घरात पिशवी टेकवायची आणि पुन्हा उचलायची. तेव्हा त्यातले एक सर म्हणाले, "काकू, पूर्ण्यातली निम्मी रेल्वे तुमच्या वरच्या मजल्यावर राहून गेली. तेच लिहा." बोलणं काही खोटं नव्हतं.

स्टेशनापासून दहा मिनिटांवर आमचं दोनमजली घर आहे. खाली आम्ही, वर भाडेकरू. दोन्ही मजले सारखेच, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणी. जिना बाहेरून आहे, पण तो आमच्या दारासमोरूनच वर जातो. म्हणजे वर कोण आलं, किती वाजता आलं, हातात काय होतं, हे न बघायचं ठरवलं तरी दिसतं. घर यांच्या नावावर होतं आणि भाडेकरू माझ्या नावावर, असं हे थट्टेनं म्हणायचे.

लोकांना वाटतं, घरमालकाला काय काम? महिना भरला की भाडं घ्यायचं. तसं नसतं. भाडं बहुतेक जण देतातच. खरी डोकेदुखी असते ती आवाजाची, वासाची आणि पाण्याची.

आवाजाचं ऐका. वर एक इंजिन चालवणारा तरुण राहायचा, नवं लग्न झालेला. तो रात्री गाडीवर आणि दिवसा झोपलेला. एकदा मी अंगणात मिरची कांडायला बसले, तर त्याची बायको जिन्यावरून हळूच उतरली आणि म्हणाली, "काकू, ते आत्ताच झोपलेत. तेवढी मिरची संध्याकाळी कांडली तर चालंल का?" माझ्याच अंगणात माझ्याच उखळाला बंदी. मी चांगलीच तडकले. उखळ उचलून आत नेलं आणि दार आपटलं. संध्याकाळी हे आले, त्यांना सांगितलं. हे म्हणाले, "उद्या मी त्याच्याच गाडीवर आहे. झोपू दे त्याला." त्या दिवसापासून मी गल्लीत शिरणाऱ्या भंगारवाल्यालाही तोंडावर बोट ठेवून गप्प करायला लागले. तो बिचारा आमच्या घरापुरता कुजबुजत भंगार मागायचा. गल्ली मला हसायची.

वासाचं तर विचारूच नका. येलदरीच्या धरणावरून बदली होऊन आलेलं एक कुटुंब होतं. माणसं सोन्यासारखी, पण आजीबाईंना वाळवलेल्या मासळीशिवाय घास उतरायचा नाही. गच्चीत एका कोपऱ्यात माझ्या कुरडया, दुसऱ्या कोपऱ्यात त्यांची मासळी. वारा काही कोपरे बघून वाहत नाही. त्या वर्षी माझी नणंद कुरडया घेऊन गेली आणि तिचा निरोप आला, यंदाच्या कुरडया लय चवदार झाल्यात. आमची नणंद पक्की माळकरी. मी तिला आजवर काही सांगितलेलं नाही. आता हे छापून आलं तर कळेल.

आता पाण्याचं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. आलं की ते खालच्या हौदात भरून घ्यायचं आणि मोटार लावून गच्चीवर चढवायचं. गच्चीवर दोन काळ्या टाक्या, एक आमची, एक वरच्यांची. मोटार जिन्याखाली आणि मोटारीपाशी दोन कॉक. एक फिरवला की पाणी आमच्या टाकीत जातं, दुसरा फिरवला की त्यांच्या. मोटारीचं बटण आणि ते दोन्ही कॉक माझ्या हातात. वरच्या घरात आज आंघोळ पोटभर होणार की उरकणार, हे खाली जिन्याखाली वाकून मी ठरवायची.

ह्या कॉकचा दुसरा उपयोग मला गोदाकाकूंनी शिकवला. गोदाकाकू आमच्या गल्लीतल्या जुन्या घरमालकीण, त्यांची तीन घरं भाड्यानं. त्या म्हणायच्या, "भाडेकरूला तोंडानं 'निघा' म्हणू नये गं. तोंडानं सांगितलं की तकरार होती. पाण्यानं सांगावं." म्हणजे काय, तर त्यांच्या टाकीला पाणी थोडं कमी सोडायचं. पुढच्या खेपेला आणखी थोडं कमी. विचारलं तर म्हणायचं, नळालाच कमी आलंय. चार-सहा खेपांत शहाणा माणूस समजतो आणि आपण होऊन खोली शोधायला लागतो. भांडण नाही, वाईटपणा नाही. सामान टेंपोत चढवताना आपण त्यांना चहा करून द्यायचा, त्यांनी आपल्या पाया पडायचं. गल्लीतले सगळे घरमालक हेच करत आणि सगळ्या भाडेकरूंना ते ठाऊक होतं. आम्ही त्याला रीतच समजायचो.

मी ती आधी एकदाच वापरली होती. एका शिकवणीच्या मास्तरांनी "आम्ही दोघंच" म्हणून घर घेतलं आणि महिन्याभरात जिन्यावर अकरा जणांच्या चपला दिसायला लागल्या. पोरं तिथंच राहायची, जेवायची, झोपायची. मास्तरांना मी पाण्यानं सांगितलं. मास्तर गणिताचे होते, त्यांना लगेच समजलं. ते गेले तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. भिंतीत सत्तावीस खिळे तसेच होते.

मास्तरांच्या नंतर मन्मथअप्पा आले.

मन्मथअप्पांचं स्टेशनाकडे किराण्याचं छोटं दुकान होतं. बायको महानंदा आणि म्हातारी आई काशाबाई, एवढंच कुटुंब. मूलबाळ नव्हतं. लिंगायत माणसं, मूळची झरीची. तिथं थोरल्या भावाचं मोठं घर होतं, शेती होती. काशाबाईंच्या नवऱ्याच्या माघारी त्या घरात काही तरी बिनसलं. एका जेवणाला थोरल्यानं आईपुढचं ताट पायानं लोटलं, असं महानंदानं मला पुढं सांगितलं. काशाबाई त्याच पावली उठल्या आणि शपथ घेतली, की पुन्हा ह्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. धाकट्याचा हात धरून त्या पूर्ण्याला आल्या.

अकरा वर्षं हे कुटुंब माझ्या डोक्यावर राहिलं आणि मला त्यांचा कधी आवाज आला नाही. सकाळी फक्त न्हाणीतून पाण्याचा आणि मग घंटेचा. काशाबाईंच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असायचं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं. हे झाल्याशिवाय त्या तोंडात पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. ताप असो, उपास असो, काही असो. मी कधी म्हटलं, "मावशी, चहा तरी घ्या आधी," तर म्हणायच्या, "आधी त्याला, मंग मला."

दुपारी त्या खाली यायच्या आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायच्या. मी दारात बसून भाजी निवडायची. माझे हे कायम गाडीवर. मनोज, माझा मुलगा, पुण्याला शिकायला. घरात मी आणि वर्षा, माझी लेक. वर्षाला दहावीच्या वर्षी टायफॉईड झाला तेव्हा तीन आठवडे काशाबाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. माझी आई गेली त्या दिवशी मला घास भरवणाऱ्याही त्याच. भाडेकरीण आणि मालकीण असं आमच्यात काही राहिलं नव्हतं. त्या मला 'सुलू' म्हणायच्या. माझ्या माहेरची माणसं संपल्यावर मला सुलू म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

वर्षाचं लग्न ठरलं, वैशाखातली तारीख निघाली. त्याआधी, होळीच्या आसपास काशाबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, वय फार आहे, ऑपरेशन झेपायचं नाही, घरी न्या आणि सेवा करा. ह्या वाक्याचा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो.

मी वर भेटायला गेले. त्या खिडकीखाली गादीवर होत्या, अंग एवढंसं झालेलं. माझा हात धरून म्हणाल्या, "सुलू, मला आता हितून कुठं नेऊ देऊ नको. मन्मथ भोळा हाय, लोकायचं ऐकंल, गावाकडं न्हेईल. थोरल्याच्या दारात मला मरायचं न्हाई."

मी म्हटलं, "कुणी न्हाई नेत, मावशी. तुमी कशाला काळजी करताव?"

त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी नणंद लग्नाच्या खरेदीला म्हणून आली. वर जाऊन काशाबाईंना बघून आली आणि खाली येऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "वहिनी, ह्या बाईचं काही खरं न्हाई. दारात मांडव पडल्यावर गेली तर काय करताव? एकाच जिन्यावरून मढं उतरायचं आन् त्याच दारात नवरी उभी ऱ्हायची? व्याही काय म्हणतील?"

लिंगायतांमध्ये माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, फुलांनी सजवतात, भजनं म्हणत नेतात आणि पुरतात. एकदा बाजारपेठेत मी तशी अंत्ययात्रा बघितली होती. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं, आमच्या मांडवातून जाताना. सुतक, विटाळ, सोयऱ्यांची तोंडं, वर्षाच्या पुढच्या आयुष्याला लागणारा बट्टा, सगळं एकदम मनात आलं. व्याही जुन्या वळणाचे होते. लग्न पुढे ढकला म्हणाले असते, मोडलंसुद्धा असतं. मी आई होते आणि मला भीती वाटली. पण हे सगळं नणंदेच्या अंगावर ढकलणार नाही. तिनं नुसतं बोट दाखवलं. कॉकवर हात माझा होता.

त्यानंतर नळाला पाणी आलं तेव्हा मी मोटार लावली, आमची टाकी काठोकाठ भरली आणि त्यांचा कॉक निम्म्या वेळातच बंद केला. वर जाऊन बोलले असते तर? महानंदाला जवळ बसवून 'मला अशी अशी भीती वाटतीय' एवढं म्हटलं असतं तर? अकरा वर्षांच्या ओळखीत एवढं बोलता येत नव्हतं असं नाही. पण मी मालकीण होते आणि माझ्या हाताला दुसरी रीत माहीत होती.

पुढच्या खेपेला आणखी कमी सोडलं. मन्मथअप्पा खाली आले, "काकू, मोटारीत काही बिघाड हाय का?" मी म्हटलं, "नळालाच कमी आलंय." त्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी ते दुकानातून स्कूटरवर पाण्याचा कॅन घेऊन येताना दिसले. मी दारात होते. ते माझ्याकडे बघून हसले, "उन्हाळा लय कडक हाय यंदा," म्हणाले आणि कॅन खांद्यावर घेऊन जिना चढले. मी आत जाऊन साखरेचे डबे पुसत बसले. ते स्वच्छच होते.

वर एका अंथरुणाला खिळलेल्या बाईला रोज आंघोळ घालावी लागते, लिंगाला पाणी घालावं लागतं, तोवर ती पाणी पीत नाही, हे मला गल्लीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

चौथ्या खेपेनंतर मन्मथअप्पा पुन्हा आले. उभ्यानंच बोलले. "काकू, आमी जागा सोडायलोत. मायला गावाकडं न्यावं म्हणायलोत."

"कामून? एवढ्या घाईनं?" मी विचारलं. मी हे विचारलं, हे लिहितानाही मला लाज वाटते.

"तुमच्याकडं लग्न हाय. पाव्हणे येतील, वरची जागा लागंल तुमाला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या जाण्याच्या सकाळी योगायोगानं नळाला पाणी आलं. मी मोटार लावली आणि आमच्या टाकीआधी त्यांचा कॉक पूर्ण उघडला. टाकी भरली, गच्चीवरून पाणी वाहायला लागलं, तरी मी बंद केला नाही. जाणाऱ्या माणसांना भरलेली टाकी देऊन मला काय मिळवायचं होतं कोण जाणे.

टेंपो आला. सामान फार नव्हतंच. शेवटी महानंदा दोन मोठे कॅन आणि तांब्याची कळशी भरून खाली घेऊन आली. तिनं कळशीच्या तोंडावर फडकं बांधलं होतं.

"झरीला पाणी न्हाई का गं? एवढं वझं कशाला?" मी म्हटलं.

"हाय की, काकू. असू द्या," ती म्हणाली आणि कळशी स्वतःच्या मांडीवर घेता येईल अशी टेंपोत पुढं ठेवली.

मग काशाबाईंना उतरवलं. आडवं नेता येईना, जिन्याला वळण आहे. म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं आणि चार जणांनी खुर्ची उचलली. त्या खुर्चीत ताठ बसायचा प्रयत्न करत होत्या. कपाळावर भस्म होतं. एक एक पायरी खाली येणारी ती खुर्ची मी दारातून बघत होते. जे मला माझ्या दारात बघायचं नव्हतं, ते मी बघतच होते, फक्त माणूस जिवंत होतं.

खुर्ची आमच्या दारापुढं आली तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं. वर्षाला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सुखानं नांद, माय," म्हणाल्या. वर्षा रडायला लागली. तिला काहीच माहीत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. हितून नेऊ देऊ नको, म्हणून माझा हात धरणाऱ्या त्याच बाई होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "येते सुलू. लग्न चांगलं कर."

टेंपो गेल्यावर मी वर गेले. घर धुऊन पुसून ठेवलेलं. भिंतीत एक खिळा नव्हता आणि प्रत्येक भोक पांढऱ्या पुट्टीनं बुजवलेलं होतं. पुट्टी अजून ओली होती, बोटाला लागली.

काशाबाई नवव्या दिवशी गेल्या. निरोप आला तेव्हा आमच्याकडे मुहूर्तमेढ रोवून झाली होती. मी गेले नाही. जाता येत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं आणि मी ते ऐकलं. लग्न छान झालं. जेवणात काही कमी पडलं नाही, व्याही खूश झाले. वर्षा आज सुखात आहे. त्या मानानं बघितलं तर माझी युक्ती सफल झाली.

लग्नानंतर महिन्यानं मी आणि हे बसनं झरीला गेलो. थोरल्याचं घर खरंच मोठं होतं. थोरला आदरानं बोलला, म्हणाला, "मायचं काई कमी पडू दिलं न्हाई आमी." मन्मथअप्पा खाली बघत बसले होते. मी उठून मागं परसात गेले. महानंदा भांडी घासत होती. माझ्या तोंडून निघालं, "मांडव आन् हे, दोन्ही एकदम आलं असतं गं. सुतक..."

"आमच्यात सुतक धरत न्हाईत, काकू," ती म्हणाली. भांड्यावरची नजर तिनं काढली नाही. "तुमी कधी इचारलंच न्हाई. माय तर पडली तवाच म्हणली व्हती, मी लग्नाच्या तोंडावर गेले तर भजन-बिजन करू नका, गुपचूप न्या, सुलूच्या दारी मांडव हाय."

मी तिथंच खाली बसले. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याशेजारी बसली. मग आपण होऊनच सांगायला लागली. तिला मला दुखवायचं नव्हतं. तिच्याही पोटात ते साचलेलं असणार.

"पाणी कमी झाल्यालं आधी मायलाच कळलं. आमाला वाटायलं, मोटार बिघडली. ती पडून आवाज ऐकायची. म्हणली, मोटार लागली की टाकी भरोस्तोर माझ्या दोन माळा जप व्हायचा, आता एकबी पुरी होईना. आमच्या ह्यांना म्हणली, झरीला न्ये मला. सुलूला तोंडानं सांगायची येळ आणू नको, तिला ते जमायचं न्हाई."

मी विचारलं, "मंग थोरल्याच्या घरी... तिची शपथ?"

"म्हणून तर कॅन नेले ना," महानंदा म्हणाली. "तुमच्या टाकीतलं पाणी. लिंगाला तेच, पोटात तेच. पळीपळीनं दिलं. हितलं पाणी तिनं तोंडात घेतलं न्हाई. नऊ दिवस पुरलं. शेवटच्या सकाळी कळशीच्या बुडाला होतं तेवढं लिंगावर घातलं, तेच तीर्थ तिला दिलं. दुपारी गेली."

ते निघाले त्या सकाळी मी कॉक उघडला नसता तर, हा विचार मी आजवर पुरा करू शकलेले नाही. आणि आधीच बंद केला नसता तर, हा विचार रोज पुरा होतो.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी नळवाल्याला बोलावलं. दोन्ही कॉक काढून टाकायला सांगितले आणि दोन्ही टाक्या खालून एकमेकींना जोडून घेतल्या. आता पाणी चढलं की दोन्हीत सारखंच चढतं. नळवाला म्हणाला, "काकू, मंग तुमचा काहीच कंट्रोल ऱ्हायचा न्हाई." मी म्हटलं, "न्हाई ऱ्हायला तर न्हाई." यांनी कारण विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी हे गेले, तोवर कधीच विचारलं नाही. गोदाकाकूंनी मात्र ऐकवलं, "आता बस पाण्याला मोताद होऊन." तसं होतंही. हल्ली वर एक तरुण जोडपं आहे, त्यांचं कपडे धुण्याचं मशीन फार पाणी पितं. कधी कधी माझीच आंघोळ बादलीवर उरकते. मी काही बोलत नाही.

काढलेले कॉक मी टाकून दिले नाहीत. पितळेचे आहेत, जिन्याखाली एका डब्यात पडून आहेत.

माझे गुडघे आता साथ देत नाहीत. यंदा उन्हाळ्यात मनोज पुण्याहून आला तेव्हा ह्या घराचं काय करायचं ते बोलणं निघालं. विकून टाकू, तू तिकडे चल, म्हणाला. पोरगा मनानं चांगला आहे, आईची आबाळ नको म्हणूनच म्हणतो. आम्ही जेवत होतो. मी म्हटलं, "मनोज, मला आता हितून कुठं नेऊ नको रे." म्हणून गेल्यावर मला कळलं हे कुणाचं वाक्य आहे.

त्यानं ताटातून वर न बघताच माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, "नाही नेत गं, आई. तू कशाला काळजी करतेस?"

मीही काशामावशींना असंच म्हणाले होते. आणि अगदी मनापासून म्हणाले होते.